इओपूसाठी अंथरलेलं कापड

१

सोमवारी सकाळी इओपूची होडी सापडली. इओपू सापडला नाही.

प्रवाळाच्या भिंतीबाहेर ती एकटीच डुलत होती. बाजूची तोल सावरणारी उलांडी शाबूत, दोऱ्या शाबूत, आणि कडेला, पाण्याच्या रेषेपासून चार बोटं वर, गोळीचं भोक. फालेउतूच्या लोकांनी ती किनाऱ्यावर ओढली, भोकात बोट घालून पाहिलं आणि मग सगळ्यांनी मिळून खाडीपलीकडच्या सातोआ गावाकडे पाहिलं. शनिवारी दिवेलागणीला एक बार साऱ्या गावाने ऐकला होता. त्या वर्षी सामोआत राजे दोन झाले होते. फालेउतू एकाच्या बाजूचं, सातोआ दुसऱ्याच्या. आणखी पुरावा कोणाला हवा होता?

गावच्या न्यायाधीशाला, आसोमुआला, हवा होता. साठी उलटलेला माणूस, डावा पाय हत्तीरोगाने खांबासारखा सुजलेला. त्याची एकुलती मुलगी लोईमाता सातोआत दिली होती आणि तिच्या मांडीवर चार महिन्यांचं मूल होतं. लढाई पेटली की आधी किनाऱ्यावरची घरं जळणार, आणि सातोआच्या किनाऱ्यावरचं तिसरं घर तिचं. आपण हे सगळं निव्वळ न्यायासाठी करतो आहोत अशी थाप आसोमुआने स्वतःलाही मारली नाही.

इओपूच्या बायकोने, तालिताने, रीतीप्रमाणे किनाऱ्यावर झाडाच्या सालीचं पांढरं कापड अंथरलं. ज्याचं प्रेत मिळत नाही त्याचा जीव भटकत राहतो आणि जवळच्याच माणसांचा गळा धरतो. म्हणून तो जिथे गेला तिथे कापड अंथरून हाक मारायची आणि वाट बघायची. कापडावर पहिला जो जीव चढेल, मुंगी असो की नाकतोडा, तोच आपला माणूस. त्याला कापडात गुंडाळून पुरलं की सुटका.

सोमवार गेला, मंगळवार गेला. कापडावर काही चढलं नाही.

बुधवारी सकाळी आसोमुआ तिच्याजवळ जाऊन बसला. किनारा खेकड्यांनी नुसता वळवळत होता. ते तुरुतुरु यायचे, कापडाच्या कडेपाशी थांबायचे, डोळे उभारून पाहायचे आणि वळसा घालून जायचे. एकही वर चढेना. आसोमुआ रविवारी देवळात पहिल्या रांगेत बसणारा माणूस, तरी त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले.

"काका, तो इथे नाहीच," तालिता म्हणाली. तिचा आवाज रडून घोगरा झाला होता. "खेकड्यांना कळतंय, माणसांना कळत नाही."

"वारा आहे, पोरी. वाऱ्याने बिचकत असतील."

"कुठे आहे वारा?"

वारा खरंच नव्हता.

मागून आलिपिया आला. हा गावचा बोलका सरदार. मोठा सरदार लेमाना सभेत तोंड उघडत नसे, त्याच्या वतीने हाच बोले, आणि लेमानाच्या कानावर काही घालायचं तर तेही ह्याच्याच तोंडून. उंचापुरा, हातात माश्या वारायचा नारळाच्या काथ्याचा झुबका. डोळे लाल झाले होते.

"झालं ठरलं," तो म्हणाला. "उद्या दुपारी सही. ओढ्यापासून डोंगरापर्यंतची जमीन व्हिटलोला, आणि व्हिटलोच्या साठ बंदुका आपल्याला. परवा सातोआ."

"ओढ्यापासून डोंगरापर्यंत म्हणजे अर्धं गाव रे," आसोमुआ म्हणाला. "नीरफणस सगळा तिकडेच. मग खायचं काय, बंदुका?"

"मेलेल्या माणसाची लाज राखायची की पोटाची? तूच सांग, न्यायाधीश."

"उद्या दुपारपर्यंतचा वेळ माझा आहे ना?"

"वेळ घे. तुझ्या पायाने जेवढं फिरवेल तेवढं फीर," आलिपिया म्हणाला. जाता जाता त्याने त्या रिकाम्या कापडाकडे पाहिलं, आणि पटकन मान वळवली.

२

होडी पाहायला आसोमुआला अर्धा तासही लागला नाही.

भोकाच्या ढलप्या बाहेरच्या अंगाला फुटल्या होत्या. म्हणजे गोळी आतून बाहेर गेली होती. सातोआच्या माणसाला इओपूच्या होडीत बसून गोळी झाडायची हौस आली असेल तर गोष्ट वेगळी. दुसरं, वल्हं. ते आडव्या फळीखाली दोरीने आवळून बांधलेलं होतं. होडी छपराखाली ठेवताना सगळे तसंच बांधतात, पोरं पळवू नयेत म्हणून. पण बांधलेल्या वल्ह्याने कोणी समुद्रात जात नाही. होडी गेली होती ती नुसती ढकलून दिलेली.

"त्याचे जोडे कुठेत?" त्याने तालिताला विचारलं. प्रवाळ पायाला सुरीसारखा कापतो. मासे धरायला जाणारा माणूस काथ्याचे जोडे घातल्याशिवाय पाऊल टाकत नाही.

"घरीच. खांबाला टांगलेत." तिने तोंडावर हात ठेवला. "माझ्या लक्षातच आलं नाही."

तिथून तो व्हिटलोच्या दुकानी गेला. इओपू तिथे कारकून होता. गावात इंग्रजी वाचणारा तो एकटाच. व्हिटलो इंग्रज, पंधरा वर्षं बेटावर मुरलेला, भाषा आपल्यासारखी बोलणारा. त्याने डब्यातलं मांस आणि बिस्किटं पुढे केली आणि स्वतः दारातल्या पेटीवर बसला.

"फार सरळ माणूस होता," तो म्हणाला. "माझ्या मुलासारखा. मी सांगत होतो त्याला, सातोआच्या बाजूला जात जाऊ नकोस. तो जर्मन ब्रेनेके तिकडच्या लोकांना फूस लावतोय. त्यांच्या सरकारचा वकील आणि आमच्या सरकारचा वकील तिकडे राजधानीत, आपियात, एका रस्त्यावरून चालत नाहीत, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. तू ब्रेनेकेला कधी भेटलास?"

"त्या डुकराला? तोंड बघत नाही मी त्याचं."

"शनिवारी इओपू कामावर होता?"

"दुपारी लवकर गेला. पोटात दुखतं म्हणाला." व्हिटलोने पाय हलवले. त्याच्या खालच्या पेटीवर डाग देऊन एक खूण उमटवली होती, वर्तुळात एक पक्षी, आणि खाली आकडा: पाच. मागे भिंतीला आणखी पेट्या. एक, तीन, सात, नऊ. आसोमुआने बिस्कीट चावता चावता दोनदा पाहिल्या. मधले आकडे कुठे गेले, हे त्याने विचारलं नाही.

"पेट्या नव्या दिसतात."

"बोटीतून उतरल्या तशाच आहेत. उद्या तुमच्याच होणार. अजून मांस घे ना, आबा."

आसोमुआने मांस घेतलं. फुकटच्या मांसाशी त्याचं कधीच वैर नव्हतं.

३

खाडी ओलांडायला त्याला भाच्याने होडीतून नेलं. सातोआत कोणी त्याला अडवलं नाही, पण कोणी हाकही मारली नाही. नेहमी किनाऱ्यावर चटया विणत बसणाऱ्या बायका दिसेनात. घरांचे पडदे भर सकाळी खाली सोडलेले, आणि प्रत्येक पडद्याआडून कोणीतरी बघतंय असं वाटत होतं. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत.

ब्रेनेकेच्या दुकानापाशी त्याचा जावई खांद्यावर पेटी घेऊन चालला होता. सासऱ्याला पाहून तो ओशाळला.

"काय आहे रे त्यात?"

"मामा, तुम्ही घरी जा," जावई खालच्या आवाजात म्हणाला. "काल सही झाली. मागची सगळी नारळाची बाग गेली. तुमच्याकडे साठ येणार म्हटल्यावर आम्ही हात बांधून बसायचं का?"

"तुम्हाला कोणी सांगितलं, आमच्याकडे साठ येणार?"

"ब्रेनेकेने."

पेटीवर वर्तुळ होतं, त्यात पक्षी, आणि खाली आकडा: सहा.

आसोमुआ दुकानात शिरला. ब्रेनेके जाडजूड, घामाघूम. त्याने व्हिटलोला तीन शिव्या दिल्या आणि इओपूचं नाव ऐकताच चौथी गिळली.

"तुझा इओपू आला होता इथे. शुक्रवारी. पेट्यांकडे टकमक बघत होता. मी हाकलला. मी मारला नाही त्याला, मला मारायची गरजच काय?"

"गरज कोणाला होती?"

"म्हाताऱ्या, मी व्यापारी आहे," ब्रेनेके म्हणाला. "मी घाबरलेल्या माणसांना माल विकतो. मेलेली माणसं माझ्या काय कामाची?"

त्याच्या मागे भिंतीला उरलेल्या पेट्या होत्या. दोन, चार, आठ, दहा.

परतीच्या वाटेवर आसोमुआने मनात आकडे जुळवले. एकाच बोटीतून, एकाच खुणेच्या, एकाच ओळीतल्या दहा पेट्या. एक सोडून एक वाटून घेतलेल्या, पत्ते वाटावेत तशा. आपियात ह्यांचे वकील एकमेकांकडे बघत नाहीत, बंदरात ह्यांच्या लढाऊ बोटी एकमेकींवर तोफा रोखून उभ्या, आणि इथे दोघं एकाच ताटात जेवतात. एकाने इकडे भीती विकायची, दुसऱ्याने तिकडे. बंदुका पुढच्या वर्षी गंजतील, पण खाडीच्या दोन्ही काठांची जमीन ह्यांचीच राहील. इओपूला आकडे वाचता येत होते, आणि त्यातच तो मेला.

पण त्याला मारलं कोणी? ब्रेनेकेचं म्हणणं खोटं वाटत नव्हतं. आणि छपराखालच्या इतक्या होड्यांतली इओपूची कोणती, हे गोऱ्या माणसाला कशाला ठाऊक असणार?

४

गावचे पाद्री एलिया देवळाच्या पायरीवर बसले होते. तालिताच्या कापडावरून ते दोन दिवस चिडलेले होते. आसोमुआने शनिवारबद्दल विचारलं तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला.

"आला होता," ते म्हणाले. "शनिवारी दुपारी. म्हणाला, गुरुजी, दोन वैरी एकाच चुलीवर शिजवून खाताना दिसले तर कोणाला सांगावं? मला वाटलं, नवराबायकोचं काही असेल. मी म्हटलं, रीतीने जा. आपल्या माणसाने थेट मोठ्या सरदाराकडे जाऊ नये. बोलक्या सरदाराला सांग, तो पोहोचवील."

"आणि आलिपिया तेव्हा कुठे होता?"

"वर, डोंगरात. विकायच्या जमिनीच्या हद्दीला खुंट्या ठोकत होता." पाद्री हाताच्या पंजाकडे बघत राहिले. "आसोमुआ, मी त्याला तिकडे धाडलं."

"तुम्ही रीत सांगितलीत, गुरुजी. रीत वाईट नाही."

गुरुवारी उजाडताच आसोमुआ डोंगर चढू लागला. पाय ओढत, दर शंभर पावलांवर थांबत. खुंट्या नव्या होत्या, त्यांच्या मागोमाग तो गेला. खाली समुद्राचा आवाज होता, तो मधेच बंद झाला. इथे एरवी कबुतरं घुमतात. आज एकही नाही. आपल्या पावलांमागे आणखी एक पाऊल पडतंय असं त्याला दोनदा वाटलं. त्याने मागे पाहिलं नाही. देवाचं नाव घेतलं आणि चालत राहिला.

जुन्या वडापाशी खुंट्या संपल्या. पलीकडे काळ्या दगडात एक खोल भोक होतं, ज्वालामुखीच्या वेळचं, तळ नसलेलं म्हणतात तसं. आणि वडाखाली, मोकळ्या जागेत, चार दगड.

ते नीट चौकोनात ठेवलेले होते, कापडाच्या चार कोपऱ्यांवर ठेवतात तसे. मधलं गवत दबून फिकट पडलं होतं. जरा बाजूला, ओंजळीएवढी ताजी मातीची ढेप, वर पांढरे खडे रचलेले. थडगं होतं ते. बोटभर जिवाचं थडगं.

आसोमुआ त्या ढेपेपाशी बसला. साऱ्या गावाला इओपू समुद्रात मेला असं वाटत होतं. इथे कोणाला तरी ठाऊक होतं की तो इथे मेला. आणि तो माणूस इओपूला इतका भ्यायला होता की बायकोने अंथरायचं कापड त्याने चोरून अंथरलं होतं.

त्याने खडे बाजूला केले. खाली सालीच्या कापडाची लिंबाएवढी पुरचुंडी होती, गाठ मारलेली. ती तळहातावर घेतली तेव्हा आत काहीतरी हललं. अगदी किंचित. तीन-चार दिवस पुरलेलं, आणि हललं. ते काय होतं हे त्याने कधी कोणाला सांगितलं नाही, कारण त्याने गाठ सोडलीच नाही.

मग तो त्या भोकापाशी गेला. ओणवून वास घेतला, आणि तोंड फिरवून ओकला.

५

दुपारी लेमानाच्या घरात सभा बसली. भिंती नसलेलं गोल घर, प्रत्येक खांबाला टेकून एकेक जण: लेमाना, आलिपिया, पाद्री एलिया, गावचे वडीलधारे. व्हिटलो कागद मांडीवर घेऊन सगळ्यांसारखीच मांडी घालून बसला होता. काठावर बायका, त्यांत तालिता. आवा नावाच्या झुडपाच्या मुळ्यांचं रीतीचं पेय फिरून झालं, आणि आसोमुआने बोलायची परवानगी मागितली.

त्याने वल्ह्याचं सांगितलं, ढलप्यांचं सांगितलं, जोड्यांचं सांगितलं. मग दोन्ही दुकानांतल्या पेट्यांचे आकडे सांगितले, फक्त जावयाच्या खांद्यावरची पेटी गाळली. कुजबुज झाली. लेमानाने व्हिटलोकडे पाहिलं.

"म्हाताऱ्याची नजर गेलीय," व्हिटलो हसून म्हणाला. "माझा आणि ब्रेनेकेचा काय संबंध? त्याच्या दुकानात काय आहे, तो कोणाला काय विकतो, मला काडीची माहिती नाही. देवाशप्पथ."

"बरं," आसोमुआ म्हणाला. "सगळ्यांनी ऐकलं." मग त्याने कमरेची पुरचुंडी काढून चटईवर ठेवली. "आज डोंगरात ही सापडली. इओपूचीच असावी. काय आहे आत, मी पाहिलं नाही. सगळ्यांनी पाहून सांगा."

तालिता काठावरून मान उंच करून बघत होती, पण तिला काही कळलं नाही. पाद्रींनी पुरचुंडी उचलली, वास घेतला. "तंबाखू असेल," ते म्हणाले आणि पुढे दिली. लेमानाने ती कानाशी हलवली, खांदे उडवले. ती आलिपियाकडे गेली. आलिपियाने हात पुढे केला नाही. काथ्याचा झुबका मांडीवर ठेवून तो म्हणाला, "मी कशाला? पुढे द्या."

शेजारच्याने ती व्हिटलोच्या हातात दिली.

"सोडून बघू या ना सरळ," व्हिटलो म्हणाला आणि दातांनी गाठ धरली.

"सोडू नका!"

आलिपिया उभा राहिला होता. सभेत लेमानासमोर कोणी उभं राहत नाही. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"का नको?" आसोमुआने विचारलं. "तंबाखू तर आहे."

"सुटेल तो. पुन्हा सुटेल. तीन दिवस माझ्या मागे चालत होता, भर दुपारी, मी थांबलो की थांबायचा—" आणि आपण काय बोललो ते त्याला कळलं. इतकी वर्षं दुसऱ्याच्या वतीने बोललेला माणूस, स्वतःच्या वतीने एकदाच बोलला.

 व्हिटलोने पुरचुंडी इंगळासारखी खाली टाकली.

"सोमवारी चोरून अंथरलंस ना कापड?" आसोमुआ म्हणाला. "व्हिटलोला किंवा ब्रेनेकेला हे सुचलं नसतं. ते त्याला भ्यायलेच नसते. आणि इओपू कुठे पडला, हे मारणाऱ्यालाच ठाऊक. तो तुला पेट्यांचं सांगायला आला. तू लेमानाला सांगशील म्हणून आला. काय मिळणार होतं तुला?"

"ओढ्याकाठचा तुकडा," आलिपिया म्हणाला आणि खांबाशी खाली बसला. "कागदात आहे. माझ्या नावाने. मी त्याला म्हटलं, गप्प राहा. तो म्हणाला, लोक मरतील. मी सोटा उचलला... मग दिवेलागणीला त्याच्या होडीत बार काढला, आणि ती ढकलून दिली."

तालिता चालत मधे आली. तिने चटईवरची पुरचुंडी उचलून छातीशी धरली आणि आलिपियाकडे न पाहता परत गेली. दोघा तरुणांनी आलिपियाचे हात बांधले. तो विरोध करेना. उलट बांधल्यावर त्याला बरं वाटलं असावं असं दिसलं.

व्हिटलोने घसा साफ केला. "फार वाईट झालं. मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. पण सरदार, सातोआशी तुमचं वैर कालही होतं, उद्याही राहील. कागद तयार आहे."

लेमाना बांधलेल्या आलिपियाकडे पाहत होता. त्याची जीभ आता दोरीने बांधलेली समोर बसली होती. कित्येक वर्षांत पहिल्यांदा तो स्वतः बोलला, आणि त्याचा आवाज कोणालाच ओळखीचा वाटला नाही.

"आसोमुआ, तू काल पलीकडे जाऊन आलास. एकच सांग. सातोआने बंदुका घेतल्या का?"

आसोमुआच्या डोळ्यांसमोर जावयाचा खांदा आला, त्यावरची पेटी आली. हो म्हटलं की सही होणार. उद्या किनारा पेटणार, किनाऱ्यावरचं तिसरं घर पेटणार. नाही म्हटलं तर हे गाव मोकळ्या हातांनी साठ बंदुकांसमोर बसणार, आणि सातोआ पहिला बार काढणार नाही ह्याची हमी काय, तर घाबरून बंदुका घेतलेल्या एका जावयाचा ओशाळा चेहरा. तीस वर्षं त्याने ह्या घरात लोकांकडून खरं वदवून घेतलं होतं. 

"नाही," तो म्हणाला. "एकही नाही."

व्हिटलोचं तोंड उघडलं. त्याला ठाऊक होतं. किती पेट्या, कोणत्या दिवशी, कोणत्या बागेच्या बदल्यात, सगळं. आसोमुआ त्याच्याकडे बघत राहिला. सगळी सभा बघत होती.

"काही सांगायचंय, व्हिटलो?" लेमानाने विचारलं.

काडीची माहिती नाही ही व्हिटलोची मघाची शपथ सगळ्यांनी ऐकली होती. मग त्याने तोंड मिटलं आणि कागदाची घडी घातली.

"मला काय ठाऊक असणार," तो म्हणाला.

लेमानाने हात हलवून सभा मोडली. आसोमुआ खांबाला धरून उठला आणि भाच्याला होडी काढायला सांगितली. अंधार पडायच्या आत त्याला सातोआला पोहोचायचं होतं. इथे आपण काय खोटं बोलून आलो ते तिथल्या सरदाराला सांगायचं होतं, आणि ते खरं करून दे म्हणून त्याचे पाय धरायचे होते.